आपल्या शेवटाविषयी आपल्या माणसांस सांगून ठेवणे

वाचावयाचे उतारे : उत्पत्ति 47:29–31, 49:29–33, 50:4–14, 1 शमुवेल 31:11–13.

मरणाची गोष्ट निघाली की आपल्या घरांतील वडील माणसे "अभद्र बोलू नये" असे म्हणून ती तेथेच थांबवितात. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतूनही हा संकोच गेलेला नाही. रविवारी आपण पुनरुत्थानाची गीते गातो, परंतु सोमवारी एखाद्या आजाऱ्याने आपल्या मातीविषयी दोन शब्द काढिले, तर मुले त्याच्या तोंडावर हात ठेवतात. हा संकोच प्रेमातून उपजतो हे आम्ही जाणतो. तथापि त्याचे फळ पुढे कडू येते, आणि मागे राहणाऱ्यांस ते चाखावे लागते.

सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंच्या एस. टी. गाड्या पुण्यात स्वारगेटास येऊन थांबतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ते ठिकाण ठाऊक आहे, कारण घरचे दुखणाईत माणूस ससूनमध्ये किंवा दुसऱ्या मोठ्या इस्पितळात न्यावयाचे तर तेथेच उतरावे लागते. असे माणूस अतिदक्षता विभागात ठेविले गेले की तीन-चार दिवसांनी डॉक्टर बाहेर येऊन विचारतात : श्वासाचे यंत्र लावावे काय? लावून किती दिवस ठेवावे? सर्व संपल्यावर आणखी प्रश्न येतात : डोळे द्यावयाचे आहेत काय? देह गावी नेणार की येथेच संस्कार करणार? पुरणार की जाळणार? त्या वेळी बायको थोरल्या मुलाकडे पाहते, मुलगा चुलत्याकडे पाहतो, आणि चुलता पाळकसाहेबांस फोन लावतो. ज्याच्याविषयी हे सर्व चालले आहे, तो मात्र जन्मभर या विषयावर एक अक्षर बोललेला नसतो.

ह्याच स्वारगेटापासून थोड्या अंतरावर गंज पेठ आहे. तिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. तेथे जोतीराव फुले यांचा वाडा राखून ठेविला आहे. गाडीला अवकाश असेल तर वाचकांनी तो अवश्य पाहून यावा. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, परंतु 1841 पासून 1847 पर्यंत ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि आपल्या शेवटाविषयी त्यांनी जितके स्पष्ट लिहून ठेविले तितके त्या काळी फार थोड्यांनी लिहिले असेल. 1887 च्या जुलै महिन्यात त्यांनी मृत्युपत्र केले. दत्तक पुत्र यशवंत यांस वारस नेमिले, आणि आपला देह न जाळता मिठात घालून पुरावा अशी इच्छा नमूद केली. वाड्याच्या मागील अंगणात त्यासाठी खड्डाही खणून ठेविला होता. पुढल्या वर्षी त्यांस पक्षाघात होऊन उजवा हात गेला. तेव्हा आपले शेवटचे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले.

आता पुढे काय झाले ते पाहा. वस्तीच्या जागेत प्रेत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. देह जाळावा लागला. मग प्रेतापुढे टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी तंटा उभा केला. टिटवे जो धरील त्याचा वारसा, आणि यशवंत तर दत्तक, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे स्वतः हाती घेतले, प्रेतापुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. विधवा झालेल्या बाईने त्या घटकेस घराच्या कोपऱ्यात बसावे अशी ज्या काळची रीत, त्या काळी पुण्याच्या रस्त्याने हे घडले. मागाहून अस्थी आणून त्या खणून ठेविलेल्या जागी ठेवण्यात आल्या, आणि तेथेच त्यांची समाधी आहे.

ह्या हकिकतीत आमच्या वाचकांसाठी मोठा धडा आहे असे आम्हांस वाटते. मिठात पुरण्याची इच्छा मोडली. ती कोणाच्या वैराने नव्हे, तर नगराच्या नियमाने. परंतु यशवंताचे स्थान राखिले जावे ही जी आतली इच्छा, ती मोडली नाही. तिच्या पाठीशी नोंदलेला कागद होता हे खरे; पण भाऊबंद वाट अडवून उभे असता कागद काय करणार? पन्नास वर्षे ज्यांनी त्यांच्यासह संसार केला, त्यांच्या मनातले सर्व जाणले, त्या सावित्रीबाईंचे दोन हात पुढे आले म्हणून ती इच्छा टिकली. लिहिणे अवश्य आहे, परंतु आपल्यासाठी उभे राहणाऱ्या माणसास ते ठाऊक असणे त्याहून अवश्य आहे.

पवित्र शास्त्रात याकोबाने हेच केले. मिसर देशात आपले मरण जवळ आले असे पाहून त्याने प्रथम एकट्या योसेफास बोलाविले व आपणास मिसरात पुरू नये अशी त्याच्याकडून शपथ घेतली. नंतर बाराही पुत्र खाटेभोवती जमले असता तीच गोष्ट त्याने पुन्हा सांगितली. गुहेचे नाव सांगितले, शेत कोणाकडून विकत घेतले ते सांगितले, तेथे कोणकोणास पुरले आहे तेही सांगितले. एकदा ज्याच्या हाती अधिकार होता त्यास, आणि एकदा सर्वांदेखत, म्हणजे मागाहून "बाबा असे बोललेच नव्हते" असे म्हणावयास कोणास जागा राहू नये. तिसरी गोष्ट बहुतेक वाचक ओलांडून जातात. योसेफ मिसराचा एवढा मोठा अधिकारी, तरी बापास कनानात नेण्यापूर्वी त्याने फारोची परवानगी मागितली, आणि ती मिळाल्यावरच गाड्या निघाल्या. पुण्याच्या नगरपालिकेची गोष्ट वर आलीच आहे. ज्या ठिकाणी सरकारची किंवा पंचायतीची परवानगी लागणार तेथे ती विचारून ठेवावी. शेताच्या बांधावर किंवा घरामागे पुरावे अशी इच्छा आमच्या पुष्कळ वृद्ध बंधूंची असते. त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

याकोबाच्या देहास मिसरी वैद्यांनी मिसरी रीतीप्रमाणे मसाले भरले, आणि त्याविषयी योसेफास कोणी दोष दिल्याचे शास्त्रात नाही. यावरून आम्ही आणखी एका प्रश्नाकडे वळतो, जो प्रत्येक मंडळीत कधी ना कधी निघतो : ख्रिस्ती मनुष्याचा देह जाळला तर चालेल काय? कित्येक उपदेशक बंधू याचे उत्तर फार घाईने देतात. याबेश-गिलादाच्या शूरांनी शौलाचा व त्याच्या मुलांचा देह आधी जाळला व मग हाडे झाडाखाली पुरली. शास्त्र त्यांची स्तुतीच करिते. आपल्या देशात पुरणे ही काही केवळ ख्रिस्ती व मुसलमान यांचीच रीत नव्हे. लिंगायत पुरतात, संन्याशास समाधी देतात, लहान लेकरांस पुरतात. आणि महाराष्ट्राचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईस वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचा देह जाळण्यात आला आणि रक्षा अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, नेण्यात आली. टिळकांच्या विश्वासाविषयी शंका घेणारा आमच्या मंडळ्यांत कोणी असेल असे वाटत नाही. रोमन मंडळीनेही 1963 साली आपल्या लोकांस दहनाची मोकळीक दिली.

उलट पुरण्याची इच्छा असणाऱ्यानेही भिऊ नये. 2020 च्या मार्च महिन्यात, कोरोनाच्या साथीत, मुंबई महानगरपालिकेने त्या रोगाने मेलेल्या सर्वांस जाळावे असे फर्मान काढिले, आणि लागलीच ते बदलून पुरण्यासही वाव दिला. पुढे वांद्र्याच्या काही रहिवाशांनी तेथील कबरस्थानांत पुरण्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. 22 मे 1920 नव्हे, तर आपल्याच डोळ्यांदेखत 22 मे 2020 रोजी उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. प्रेत पुरल्याने तो रोग पसरतो यास शास्त्रीय आधार नाही असे न्यायाधीशांस दिसून आले. त्याच साथीत कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनी आपली माणसे जाळली, आणि त्यांचे विधी पाळकांनी केले. आमचे मत असे की माती की अग्नी हा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या घरच्यांसह सोडवावा, आणि मंडळीने त्याच्या तिरडीस खांदा देण्यास कमी करू नये.

खांद्यावरून आठवण झाली. पंडिता रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहिली, तीत आईच्या मृत्यूची हकिकत आहे. दुष्काळाचे दिवस, घरात अन्न नाही, ओळखीचे कोणी नाही. स्मशान तीन मैलांवर, आणि प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांस दया आली. ते दोघे, रमाबाईंचे बंधू आणि स्वतः रमाबाई असे चौघे झाले. रमाबाई ठेंगण्या, म्हणून तिरडीचे आपल्याकडील टोक त्यांनी डोक्यावर घेतले. जिने पुढे केडगावात शेकडो निराधार स्त्रियांस आसरा दिला, तिने आईस असे पोचविले होते. आपल्या मंडळ्यांत प्रेत उचलण्यास चार माणसे मिळतील की नाही ही भीती अद्यापि गरीब विधवांस व एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांस असते, आणि ती त्या कोणास बोलून दाखवीत नाहीत. उपदेशकांनी घरभेटीत ती गोष्ट आपण होऊन काढावी व वडील मंडळींपैकी कोण येतील त्यांची नावे सांगावी. औषधापेक्षा असे वचन कधी कधी अधिक झोप आणिते.

खर्चाविषयी थोडेच लिहितो, कारण ते सर्वांस कळते. शेजाऱ्यांनी दु:खितांच्या घरी भाकरी-पिठले पाठविणे ही सुंदर रीत आहे. परंतु तिसऱ्या किंवा दहाव्या दिवसाचे जेवण गावास घालण्यासाठी बैल विकणे, किंवा संगमरवरी कबरेसाठी सावकाराचे दार धरणे, हे मेलेल्याच्या नावावर जिवंतांची उपासमार करणे आहे. ज्यास असे व्हावयास नको, त्याने जिवंतपणी तसे बोलून ठेवावे. मुलगा आपण होऊन खर्च कमी करील तर लोक त्यास कवडीचुंबक म्हणतील. बापाने सांगितले होते असे त्यास म्हणता आले तर कोणाचे काही चालत नाही.

हीच गोष्ट विधवेच्या रीतींस लागू पडते, आणि येथे आम्हांस अधिक थांबले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव केला की पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे ह्या रीती गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढिले. ह्या चळवळीत सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे समाजसेवक प्रमोद झिंजाडे यांनी एक वेगळी गोष्ट केली : आपल्या मरणानंतर आपल्या पत्नीवर ह्या रीतींची सक्ती होऊ नये असे त्यांनी मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिले. त्यांच्या संस्थेचे नाव महात्मा फुले समाजसेवा मंडळ. गंज पेठेतील अंगणापासून करमाळ्याच्या त्या कागदापर्यंत एकच धागा येतो असे आम्हांस दिसते.

"आम्ही ख्रिस्ती, आमच्यात हे नाही," असे कोणी म्हणेल. शहरात नसेल. परंतु ज्या खेड्यात मंडळीची पाचच घरे आहेत, तेथे नात्यातल्या बाया येऊन काय करतात ते पाळकांस ठाऊक आहे. प्रेत दारात असता नव्या विधवेस 'नको' म्हणण्याचे बळ नसते. पतीने पूर्वीच म्हणून ठेविलेले 'नको' तिच्या कामी येते.

आता इस्पितळातील प्रश्नाकडे येऊ. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी एका नोकराने अत्याचार केला. त्यानंतर त्या शुद्धीवर अशा कधीच आल्या नाहीत. 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होत्या. त्यांचे अन्नपाणी थांबवावे असा अर्ज एका लेखिकेने सर्वोच्च न्यायालयात केला. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका त्याविरुद्ध होत्या. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने अर्ज नाकारला, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्यांनी इतकी वर्षे सेवा केली त्या रुग्णालयाच्या माणसांचा आहे असे ठरविले. दोन्ही बाजूंस कळवळा होता. ज्यांच्याविषयी तो सर्व वाद, त्यांची इच्छा मात्र कोणास ठाऊक नव्हती, कारण पंचविशीच्या मुलीस असे कोण विचारतो?

त्याच निकालाने तत्त्व मान्य केले होते की बरे होण्याची आशा नसलेल्या रोग्याचे केवळ यंत्रावरचे जगणे काही अटींवर थांबविता येते. पुढे 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक सज्ञान मनुष्यास याविषयी आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि 24 जानेवारी 2023 रोजी तिचे नियम सोपे केले. पूर्वी दंडाधिकाऱ्यापुढे जावे लागे. आता दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची साक्ष पुरते. आपल्या वतीने कोणी बोलावे त्या माणसांची नावे त्यात द्यावयाची असतात. लिहिले म्हणजे लगेच यंत्र काढतात असे नव्हे. रोगी स्वतः बोलण्यास असमर्थ झाला व सुधारण्याची आशा उरली नाही, तर डॉक्टरांची दोन मंडळे एकामागून एक तपासून मत देतात. मन बदलले तर कागदही बदलता येतो.

कित्येक भाविक जन यास आत्महत्या समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. विष देणे निराळे, आणि ज्याचा काळ आला त्यास यंत्राने अडवून न ठेवणे निराळे. पहिल्यास कायद्याने परवानगी नाही, आणि आम्हीही ती मागत नाही. दुसऱ्या बाजूने, शेवटच्या श्वासापर्यंत सर्व उपचार व्हावेत अशी कोणाची इच्छा असेल तर तीही मानाची आहे, तीही लिहावी. मुलांस निर्णय न टाकता जाणे हे दोहोंत समान आहे.

देहदानाविषयी विचारणारी पत्रे तरुण वाचकांकडून येतात. मुंबई राज्याचा यासंबंधी कायदा 1949 चा आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालये असे देह शिक्षणासाठी घेतात. परंतु शवचिकित्सा झालेला किंवा काही संसर्गजन्य रोगांनी मेलेला देह ती घेत नाहीत. शिवाय घरच्यांनी वेळेवर कळविले नाही तर भरलेला अर्ज ट्रंकेतच राहतो. म्हणून असा अर्ज भरणाऱ्याने, ते न साधल्यास काय करावे, हेही लिहावे. डोळे मरणानंतर सुमारे सहा तासांच्या आत काढावे लागतात, तेव्हा खेड्यातील माणसाने जवळच्या नेत्रपेढीचा फोन आधीच घरात लावून ठेवावा.

राहिला जागेचा प्रश्न. छत्तीसगडातील बस्तर जिल्ह्यात एक ख्रिस्ती उपदेशक 7 जानेवारी 2025 रोजी वारला. त्याच्या गावी त्यास पुरण्यास गावकऱ्यांनी हरकत घेतली. देह सुमारे वीस दिवस शवागारात राहिला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 27 जानेवारीस दोन न्यायाधीशांची मते भिन्न पडली, तथापि देहाची आणखी विटंबना नको म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरांवरील ख्रिस्ती कबरस्थानात त्यास पुरावे असा हुकूम त्यांनी मिळून दिला. महाराष्ट्रातील आपल्या पुष्कळ मंडळ्या "आजवर तेथेच पुरत आलो" एवढ्याच आधारावर आहेत. त्यांनी माणूस मरण्याची वाट न पाहता तलाठ्याकडून त्या जागेचा सातबारा काढून पाहावा, नोंद नसेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच मंडळीच्या दप्तरात ठेवावी. हे काम एका सकाळचे नाही. सहा महिने हेलपाटे पडतील. पण पावसाळ्यातल्या रात्री प्रेत दारात घेऊन ते होत नाही.

मृत्युपत्र हे मालमत्तेसाठी असते, आणि ते बहुधा माती होऊन गेल्यावर उघडतात. म्हणून शेवटच्या इच्छेचा कागद वेगळा करावा. उपचारांविषयीचा नोटरीपुढील लेखही वेगळा. कित्येक बंधूंनी नमुना मागितला, तो येथे देतो. ज्यास लिहिता येत नाही त्याचा उपदेशकाने लिहून घ्यावा, व घरातील सर्वांदेखत मोठ्याने वाचून दाखवावा. एक प्रत पत्नीकडे, एक थोरल्या मुलाकडे किंवा मुलीकडे, एक मंडळीच्या दप्तरात.

"मी, अमुक, राहणार अमुक, शुद्धीवर असता हे सांगतो. मी परगावी किंवा इस्पितळात वारलो तर माझा देह गावी आणण्यासाठी कर्ज काढू नये. जेथे वारलो तेथील कबरस्थानात जागा मिळाल्यास तेथेच माती द्यावी. पेटी साध्या लाकडाची असावी. जेवण घालू नये. आलेल्यांस चहा पुरे. माझ्या पत्नीच्या बांगड्यांस व मंगळसूत्रास कोणी हात लावू नये. ती पुढे काय ल्यावे ते ती ठरवील. माझ्या मुलीस खांदा द्यावासा वाटला तर तिला देऊ द्यावा. डोळे घेता आले तर द्यावे. वरीलपैकी काही कायद्याने किंवा अडचणीने करता आले नाही तर माझी पत्नी ठरवील ते मला मान्य आहे, आणि त्यावरून कोणी तिला बोल लावू नये. सही किंवा अंगठा. साक्षीदार दोन. तारीख."